पुढच्या चाकाची बैठक



'तुम्हाला जे येतं त्यावर लिहा' असा आपल्या वर्गाच्या बाईंचा निरोप आला. मला मोजून दोन गोष्टी येतात. पहिली म्हणजे संगणकाचे प्रोग्राम लिहिणे. त्याविषयी मी बोलू लागलो की घरचे एकेक जण उठून जाते, त्यामुळे तो विषय बाद. दुसरी म्हणजे मोटरसायकल. तिच्याविषयी लिहायला एक कारणही घडले आहे, म्हणून तेच सांगतो.

२०२३ च्या ऑक्टोबरातली गोष्ट. साराटोगाहून स्कायलाइनकडे चढणारा नऊ नंबरचा रस्ता आपल्यापैकी पुष्कळांना माहीत आहे. दाट झाडी, एकामागून एक वळणे. भोरहून महाडला वरंध घाटाने गेलेल्यांना त्याची आठवण यावी असा रस्ता. संध्याकाळी मी तो उतरत होतो. एका वळणापुढे अचानक हरीण उभे दिसले. मी ब्रेक दाबले. गाडीचे पुढचे अंग खाली बसत गेले आणि 'ठक्क' असा आवाज होऊन थांबले. नेमके तिथेच डांबराचे एक ठिगळ वर आलेले होते. त्यावर आपटून पुढचे चाक क्षणभर रस्त्यावरून उचलले गेले आणि टेकताना घसरले. हरीण निघून गेले. गाडी कशीबशी सावरली, पण दरीकडचा कठडा हातभर अंतरावर होता.

घरी आल्यावर मी हे लपवले नाही. सौ. म्हणाली, "विकून टाका ती गाडी." तेरा वर्षांच्या कन्येने विचारले, "पण बाबा, असं झालं कशामुळे?" मी म्हटले, "स्प्रिंग मऊ आहे." त्यावर सौ. म्हणाली, "मागच्या वर्षी तर तुम्हीच ती कडक केली होती ना? आधी नेमकं काय झालं ते आम्हा दोघींना कळेल असं सांगा. मग गाडी ठेवायची की विकायची ते ठरवू."

पुढे जे लिहिले आहे, ते म्हणजे मी त्या दोघींना सांगितलेली हकीकत. सांगता सांगता माझीच चूक माझ्या पदरात पडली.

स्प्रिंग म्हणजे ताणकाटा

सायकलचे पुढचे चाक ज्यात बसते त्याला आपल्याकडे चिमटा म्हणतात. मोटरसायकलला तसाच चिमटा असतो, पण त्याचा प्रत्येक पाय म्हणजे एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्या असतात. नळीत एक लांब स्प्रिंग आणि थोडे तेल असते. पुण्या-मुंबईचे मेकॅनिक याला 'पुढचे शॉकअप' म्हणतात. अशा सरकत्या नळ्यांचा आणि आत तेलाचा अडसर असलेला चिमटा १९३५ साली जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीने आपल्या आर-१२ या मोटरसायकलला बसवला. आज रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक मोटरसायकलींचा चिमटा याच जातीचा असतो.

आपल्याला वाटते की शॉकअप हे बसणाऱ्याला धक्के लागू नयेत म्हणून असते. ते खरे आहे, पण निम्मेच. त्याचे मोठे काम म्हणजे टायर जमिनीला चिकटवून ठेवणे. खड्डा आला की चाक खाली जाऊ द्यायचे, उंचवटा आला की वर येऊ द्यायचे आणि रस्ता सोडू द्यायचा नाही. कारण ब्रेक आणि वळणे या दोन्ही गोष्टी टायर जमिनीवर असेपर्यंतच आपल्या हातात असतात.

आता स्प्रिंगकडे येऊ. रद्दीवाल्याकडचा ताणकाटा पालकांना आठवत असेल. आकड्याला रद्दी अडकवली की आतली स्प्रिंग ताणली जाते आणि काटा खाली सरकतो. एका किलोला जेवढा सरकतो त्याच्या दुप्पट दोन किलोंना. म्हणूनच त्यावरच्या रेघा सारख्या अंतरावर असतात. हा नियम रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७८ साली प्रसिद्ध केला. ताणली काय किंवा दाबली काय, स्प्रिंगचे वागणे सारखेच.

माझ्या गाडीची मूळ स्प्रिंग १ मि.मी. दाबायला पाऊण किलोचा भार लागतो. स्प्रिंगा दोन आहेत आणि भार दोघी वाटून घेतात, म्हणजे दोन्ही मिळून १ मि.मी.ला दीड किलो. चाक जास्तीत जास्त १३० मि.मी. वर येऊ शकते. त्यानंतर नळीचे टोक तळाला टेकते. मी ऐकलेला 'ठक्क' तो हाच. एकदा टेकले की चिमटा म्हणजे लोखंडाचा दांडा. मग लहानसे ठिगळसुद्धा चाकाला आणि गाडीला एकदमच उचलते.

माझी चूक

आदल्या वर्षीच मला वाटू लागले होते की ब्रेक मारला की गाडी नको इतकी नाक खुपसते. चिमट्याच्या टोपणावर एक फिरवायची रिंग असते. ती आत फिरवली की स्प्रिंग आधीपासूनच थोडी दाबून बसते. याला प्रीलोड म्हणतात. आपण 'आधीचा दाब' म्हणू. मी दोन्ही रिंगा शेवटपर्यंत फिरवल्या. उभ्या गाडीचे नाक वर आले, हाताने दाबले तर घट्ट वाटले. स्प्रिंग कडक झाली अशा समाधानात मी वर्ष काढले.

स्प्रिंग मुळीच कडक झाली नव्हती. कन्येने वही काढली आणि आम्ही हिशेब मांडला. मी गाडीवर बसलो की पुढच्या स्प्रिंगांवर साधारण १०५ किलो भार येतो. जोरात ब्रेक मारला की तो २३० किलोंच्या आसपास जातो. एस.टी. थांबताना आपण सगळे पुढे झुकतो, तसा गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो. नळीतल्या हवेचा थोडा आधार मिळतो, तो सोपेपणासाठी बाजूला ठेवू.

रिंग फिरवण्याआधी, म्हणजे आधीचा दाब २० मि.मी. असताना: १०५ भागिले दीड म्हणजे ७०, त्यातून २० वजा केले की गाडी ५० मि.मी. बसते. ब्रेक मारला की २३० भागिले दीड म्हणजे १५३, वजा २०, म्हणजे १३३. जागा १३० चीच आहे. तळ गाठला!

रिंग पूर्ण फिरवल्यावर, म्हणजे आधीचा दाब ३० मि.मी. असताना: गाडी ४० मि.मी. बसते आणि ब्रेक मारला की १२३ मि.मी. पर्यंत जाते. उरले फक्त ७ मि.मी.

आता दोन्ही आकड्यांची वजाबाकी करा. पहिल्यांदा गाडी ५० वरून १३३ वर गेली, म्हणजे ८३ मि.मी. दुसऱ्यांदा ४० वरून १२३ वर, म्हणजे पुन्हा ८३ मि.मी.! रिंग फिरवून नाक खुपसणे एका मिलिमीटरनेही कमी झाले नव्हते. फक्त सुरुवात वरून होत होती. जिन्याच्या वरच्या पायरीवर उभे राहिल्याने पायऱ्यांची उंची बदलत नाही, तसे.

उरलेले ७ मि.मी. त्या ठिगळाने खाल्ले.

अकरावीच्या परीक्षेत मी हूकचा नियम आकृतीसह लिहिला होता. पुढे इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षीही लिहिला. स्वतःच्या गाडीला मात्र तो लावला नाही. हाताला जे वाटले त्यावर विश्वास ठेवला.

मग उपाय कोणता?

स्प्रिंगच बदलायची. कंपनी गाडी बनवताना एक सरासरी वजनाचा चालक धरून स्प्रिंग निवडते. मी गाडी घेतली तेव्हा त्या सरासरीत बसत असेन. नंतर खुर्चीतली नोकरी आणि शनिवारची पंगत यांनी आपले काम केले. नव्या स्प्रिंगा १ मि.मी.ला ०.९ किलोच्या घेतल्या, दोन मिळून १.८ किलो. आधीचा दाब २० मि.मी. ठेवून हिशेब केला: बसलो की ३८ मि.मी., ब्रेक मारला की १०८ मि.मी. नाक खुपसणे ८३ वरून ७० वर आले आणि तळाशी ७ च्या जागी २२ मि.मी. शिल्लक राहिले.

मग याहून कडक का नको? कारण फार कडक स्प्रिंग लहान उंचवट्यांवर दबतच नाही. चाक रस्त्याला चिकटण्याऐवजी टणाटण उड्या मारते आणि आपण जिथून निघालो तिथेच परत येतो. साठ किलोच्या माणसाला माझ्या गाडीची मूळ स्प्रिंगच योग्य ठरेल.

तेलाचेही दोन शब्द. स्प्रिंग घेतलेला जोर परत करते. ती एकटी असती तर गाडी झोपाळ्यासारखी वरखाली होत राहिली असती. नळीतले तेल बारीक भोकांतून ढकलले जाते आणि तो जोर उष्णतेत विरून जातो. स्प्रिंग कडक झाली की ती परतही जोरात उसळते, म्हणून तेल थोडे दाट लागते. मी दहा नंबरऐवजी पंधरा नंबरचे घातले. पण दाट तेल खड्ड्यावर चाकाला वर येतानाही अडवते, त्यामुळे बेताने घ्यावे. शिवाय एका कंपनीचे दहा नंबर दुसरीच्या दहा नंबराएवढे दाट असतेच असे नाही.

काम कसे केले

गाडीची दुरुस्ती पुस्तिका उघडी ठेवूनच हे काम करावे. क्रम असा:

१. गाडीचे पुढचे चाक अधांतरी राहील असा भक्कम आधार चौकटीखाली द्यावा. बाजूच्या स्टँडवर हे काम कधीही करू नये. आधार दिल्यावर गाडी हलवून पाहावी.

२. चिमटा गाडीवर असतानाच आधी हँडलजवळच्या पकडीचा बोल्ट सैल करावा आणि मग वरचे टोपण थोडे ढिले करून ठेवावे. नळी बाहेर काढल्यावर ती धरायला काही राहत नाही. मी पहिली नळी आधी काढली आणि अर्धा तास घाम गाळला.

३. ब्रेक, चाक आणि मडगार्ड काढून नळ्या खाली ओढून काढाव्यात. ब्रेक नळीवर लोंबकळत ठेवू नये, दोरीने बांधून ठेवावा.

४. टोपण काढताना डोळ्यांना चष्मा हवाच. खाली दबलेली स्प्रिंग आहे. शेवटच्या आट्याला तळहाताने दाबून धरावे आणि तोंड बाजूला ठेवावे. आमच्याकडे हे पाहायला कन्या अगदी वाकून उभी होती. तिला आधी चार पावले मागे पाठवले.

५. स्प्रिंग काढून जुने तेल ओतून द्यावे. नळी उलटी धरून वरखाली करत राहावे म्हणजे उरलेले उतरते. माझे तेल करड्या रंगाचे झाले होते आणि त्याला सडलेल्या माशासारखा वास येत होता. सौ.ने गॅरेजचे दार बाहेरून लावून घेतले.

६. नवे तेल ओतून नळी हळूहळू वरखाली करावी, म्हणजे अडकलेली हवा निघते. नंतर स्प्रिंग बाहेर ठेवून नळी पूर्ण दाबावी आणि वरच्या काठापासून तेल किती खाली आहे ते मोजावे. ही पातळी दोन्ही नळ्यांत अगदी सारखी हवी. तेल जास्त झाले तर हवेला जागा कमी उरते आणि शेवटी शेवटी चिमटा फार कडक होतो.

७. स्प्रिंगच्या वर पाइपचा एक तुकडा असतो. आधीचा दाब त्याच्या लांबीवर ठरतो. माझी नवी स्प्रिंग जुनीपेक्षा लांब होती, म्हणून पाइप तेवढा आखूड कापला. रिंग मधोमध असताना दाब २० मि.मी. येईल असे माप धरले, म्हणजे पुढे दोन्ही बाजूंना फिरवता येते. पाइप सरळ काटकोनात कापावा.

८. सगळे परत बसवताना चाकाचा आस घट्ट केल्यावर गाडी खाली घेऊन पुढून चार-पाच वेळा दाबावी आणि मगच आसाच्या बाजूचा पकड-बोल्ट आवळावा. असे केले नाही तर दोन नळ्या किंचित तिरक्या राहून अडकत सरकतात. प्रत्येक बोल्ट पुस्तिकेत दिला आहे तेवढाच आवळावा.

९. आणि सर्वांत महत्त्वाचे: गाडीवर बसण्याआधी पुढचा ब्रेक कडक लागेपर्यंत दाबत राहावा. काढून बसवलेला ब्रेक पहिल्या दाबाला लागत नाही. हे रस्त्यावर कळले तर फार उशीर झालेला असतो.

बैठक मोजणे

आपण बसल्यावर गाडी किती खाली येते, त्याला मी 'बैठक' म्हणतो. रस्त्यावरच्या गाडीला ती साधारण ३० ते ४० मि.मी. असावी. ती नजरेने ठरवू नये, मोजावी. त्याला तीन माणसे लागतात. मी हेल्मेट-जाकीट घालून बसलो, सौ.ने मागून गाडी सरळ धरली आणि कन्येने पट्टी घेतली.

प्रथम चाक अधांतरी असताना नळीचा उघडा भाग मोजला: १४२ मि.मी. मग मी बसल्यावर पुढचे अंग खाली दाबून हळूच सोडले: १०३. नंतर वर उचलून हळूच सोडले: १०९. कन्या म्हणाली, "बाबा, एकदा एकशेतीन आणि एकदा एकशेनऊ कसं? माझं काहीतरी चुकलं." तिचे काहीच चुकले नव्हते. नळ्यांमध्ये घर्षण असते, त्यामुळे गाडी खालून येताना थोडी खाली अडकते आणि वरून येताना थोडी वर. खरी जागा मधली. दोन्हींची सरासरी १०६. १४२ वजा १०६ म्हणजे बैठक ३६ मि.मी. वहीतला हिशेब ३८ सांगत होता. दोन मिलिमीटरांचा फरक हवेच्या खात्यावर टाकला.

पुढचे अंग आता आधीपेक्षा किंचित उंच बसते, त्यामुळे गाडी वळायला अगदी थोडी जड होऊ शकते. तसे वाटले तर नळ्या हँडलच्या पकडीत तीन-चार मिलिमीटर वर सरकवता येतात. पण एका वेळी एकच गोष्ट बदलावी, चालवून पाहावी आणि वहीत लिहावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाने आला ते कळत नाही. हे आमच्या प्रोग्रामांनाही लागू आहे.

निकाल

नळीला झिप टाय नावाची प्लॅस्टिकची पट्टी बांधली. चिमटा जितका दबेल तितकी ती सरकते आणि तिथेच राहते. एका रविवारी सकाळी मोकळ्या पार्किंगमध्ये आधी हळू, मग जोरात असे ब्रेक मारले. दोघी कडेला उभ्या होत्या. कन्येने पट्टी लावून पाहिले: तळाला अजून २४ मि.मी. बाकी होते.

मग तिने तो प्रश्न विचारला, जो मी टाळत होतो. "म्हणजे त्या दिवशी चूक स्प्रिंगची होती की तुमची?"

खरे उत्तर दिले. स्प्रिंग तिला नेमून दिलेले काम करत होती. रिंग फिरवून ती कडक झाली असे मी न मोजता धरून चाललो. आणि उतारावर वेगही माझाच जास्त होता. नव्या स्प्रिंगेने चुकीला २२ मि.मी. जागा दिली आहे. चूक करण्याची परवानगी दिलेली नाही. आता त्या वळणावर मी आधीच हळू होतो.

सौ.चा निर्णय असा: "गाडी राहू दे. पण दर दिवाळीला मोजायची. गाडीही आणि तुम्हीही."

घरी करून पाहा

मुलांनो, हा प्रयोग मोटरसायकलशिवाय करता येतो. टिचकीच्या बॉलपेनमधली स्प्रिंग काढा आणि ती रिफिलीवर चढवून ठेवा म्हणजे वाकणार नाही. ती स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर उभी धरा आणि फक्त स्प्रिंगच दबेल असे बघा. शेजारी पट्टी ठेवून स्प्रिंग २ मि.मी. दाबा आणि ग्रॅम लिहा. मग ४ मि.मी., मग ६ मि.मी. प्रत्येक पायरीला किती ग्रॅम वाढले? आता ४ मि.मी. दाबलेल्या जागेपासून सुरुवात केली असे समजा. पुढच्या २ मि.मी.ला किती जास्त लागले? पहिल्या २ मि.मी.ला लागले तितकेच ना? मग माझ्या एका वर्षाच्या चुकीचे उत्तर तुम्हाला पाच मिनिटांत सापडले.

आकडे वहीत लिहून पुढच्या रविवारी वर्गात आणा. मी ताणकाटा घेऊन येतो.

नवे शब्द

ताणकाटा: स्प्रिंगच्या ताणावरून वजन दाखवणारा काटा.
आस: ज्याभोवती चाक फिरते तो दांडा.
घर्षण: दोन वस्तू एकमेकींवर सरकताना होणारा अडथळा.
पदरात पडणे: वाट्याला येणे.

— एक पालक